प्लॅस्टरमधला वेदांत

संकेतसर : बाई, वर्गातला डिजिटल पॅनल चालू असल्याचा रोज एक फोटो ग्रुपवर टाकायचा, एवढंच काम. आणि तुम्ही जुलैपासून रोज तोच फोटो टाकताय?

हेमांगीबाई : रविवारी नाही टाकला.

संकेतसर : हसू नका हो. काल शिक्षण खात्याचे साहेब तुमच्या वर्गात आले, म्हणाले, फोटोतला तो प्लॅस्टरवाला वेदांत कुठेय? सहा महिने हात बरा कसा होत नाही? तर हा दोन्ही हात वर करून उभा!

हेमांगीबाई : गुणी पोरगा. दोन्ही वर केले, म्हणजे शंकाच नको.

संकेतसर : खुलासा मागितलाय, आजच. मी टाईप करून आणलाय. 'विजेचा व नेटचा वारंवार अडथळा.' खाली सही करा, मुख्याध्यापक म्हणून मी पुढे पाठवतो. विषय संपला.

हेमांगीबाई : वीज होती की.

संकेतसर : बाई, मे महिन्यात रिटायर होताय. चौतीस वर्षांच्या सेवापुस्तकात शेवटच्या पानावर शेरा हवाय? लोक म्हणतील, बाईंना टेक्नॉलॉजी झेपली नाही.

हेमांगीबाई : रेडिओवरचा पाठ लागावा म्हणून मी सेल उन्हात ठेवायचे, सर. टीव्ही आला तेव्हा ॲन्टेना फिरवायला पदर खोचून शाळेच्या कौलांवर चढले होते. लॉकडाउनमध्ये मोबाईलवर शिकवलं. तुमचा पॅनलही महिनाभर लावला. न झेपायला काय झालं? दमलेय, एवढं मात्र खरं.

संकेतसर : मग बंद का केला?

हेमांगीबाई : ऊन पडतं म्हणून पडदे ओढायचे. अंधारात चित्रं हलायची, कविता लागायची, अख्खा वर्ग म्हणायचा. मीही खुर्चीत टेकायचे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. इतक्या वर्षांनी घशाला सुट्टी. मग एक दिवस उन्नतीची आई आली. 'बाई, पोर घरी सगळ्या कविता म्हनते, पन पुस्तक पुढं ठेवलं तर एक अक्षर वाचत नाय.' तिसरीतली पोर! महिनाभर नुसतं ऐकून म्हणत होती, आणि मला ती दिसलीच नाही.

संकेतसर : मग?

हेमांगीबाई : रांगोळीचा डबा काढला. रांगोळीच्या गावची, जूचंद्रची पोर, चिमूट धरायला शिकवावं लागत नाही. रोज दुपारी जमिनीवर अक्षरं. दिवाळीत करंज्या बांधून आणल्या होत्या, त्या पुडीचा कागद वाचून दाखवला तिनं मला.

संकेतसर : मला सांगायचं ना, बाई.

हेमांगीबाई : सांगितलं असतं, तर काय केलं असतंत?

संकेतसर : ...फोटो मागितला असता.

(हेमांगीबाई कागद उलटा करतात आणि कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहितात.)

संकेतसर : 'पॅनल चालू असताना मला मुलं दिसत नव्हती. जुना फोटो पाठवला, ही चूक माझी.' एवढंच? शेरा नक्की येईल, बाई.

हेमांगीबाई : येऊ दे. तुम्ही पाठवाल ना, पण? का ती टाईप केलेली बाजू पाठवाल?

संकेतसर : हीच पाठवतो. पण उद्या साहेब परत येणार आहेत, पॅनल लावावा लागेल. मी येतो सोबत. पडदे उघडेच ठेवू.

हेमांगीबाई : अहो, ऊन येतं. पॅनलवर काही दिसायचं नाही.

संकेतसर : मुलं दिसतील ना, बाई.