सासऱ्यांच्या डोक्यावरचा उजेड

...आणि वर मलाच विचारतात, लाज नाही वाटली? अहो, वाटली ना! वाटली म्हणून तर सांगतोय, नाहीतर चारचौघांत कोण कबूल करतं हो, की मी माझ्या सासऱ्यांना टोपी घातली? नाही नाही, फसवलं या अर्थाने नाही... म्हणजे त्या अर्थाने पण... पण आधी खरीखुरी टोपी! लोकरीची, काळी, कानांवरून हनुवटीखाली येते ती, माकडटोपी! कुठे? चेन्नईत. कधी? मे महिन्यात!

तुम्हाला सांगतो, चेन्नईचा मे म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. नळाचं गार पाणी अंगावर घ्यावं तर भाजतं! दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून एसीचं पाणी ठिबकतं तिथे उभा असतो, आणि असल्या हवेत एक सत्तरीचा सज्जन माणूस माझ्या हॉलमध्ये माकडटोपी घालून बसला होता. का? माझ्या टीव्हीतला काळा रंग काळा दिसावा म्हणून!

हसू नका. मूळ सगळं त्या टीव्हीत आहे. घेतला हौसेने, भिंतभर, एचडीआरवाला. एचडीआर म्हणजे काय, तर दुकानात पोरगा म्हणाला, 'सार, उजेड लखलखीत, अंधार मिट्ट.' दुकानात होता हो मिट्ट! पेरुंगुडीला घरी आणून लावला तर सगळं राखाडी. रात्रीचा सीन लावावा तर आकाश कसं? पातळ पिठल्यासारखं. हिरो कुठला, भिंत कुठली, खलनायक कुठला, काही पत्ता नाही. मग मी श्रीहरीला बोलावलं. श्रीहरी म्हणजे गिंडीच्या आमच्या ऑफिसातला माझा शेजारी, गाड्यांचे हेडलाइट बनवतो, त्यामुळे उजेडाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे वेद. आला, रिमोट घेतला, वीज वाचवायची सेटिंग बंद केली, पिक्चर सिनेमा मोडवर टाकला, हालचाल गुळगुळीत करणारं काहीतरी असतं तेही बंद केलं, मागे हात घालून वायरीच्या पोर्टचं काहीतरी चालू केलं... आणि मग टीव्हीकडे पाठ करून खोलीकडे बघायला लागला. डॉक्टर पेशंटला सोडून नातेवाइकांकडे बघतो ना, तसा!

"मच्चा, टीव्ही ओके. रूम इज द प्रॉब्लेम. विंडो, क्लोज. वॉल, डार्क. एव्हरीथिंग व्हाइट... आउट!"

झालं. भिंतीला कोळशासारखा रंग दिला. खिडकीला जाड पडदा लावला, असा की भर दुपारी आपलाच हात आपल्याला दिसू नये. रेवा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "यश, हे घर आहे की फोटो धुवायची खोली?" मी म्हटलं, तू चित्र बघ. आणि खरंच, काय काळा दिसायला लागला हो काळा!

आणि त्याच आठवड्यात सासरे आले.

माधवराव. वाईचे. सगळा जन्म सातारच्या कोर्टात क्लार्की करण्यात गेला. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, तेव्हापासून एकटेच होते, म्हणून रेवाने हट्टाने आणलं. माणूस इतका साधा की चहात साखर नसली तरी 'वा' म्हणणार. आणि पोशाख? पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढऱ्या मिशा! एव्हरीथिंग व्हाइट! आउट कुणाला करू? सासऱ्यांना?

आता ऐका, खिडकीशी एक खुर्ची होती. पहिल्या दिवशी पडदा सारून तिथे बसले आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या पाट्या वाचायला लागले. तमिळ येत नाही, पण म्हणाले, "यशराव, अक्षरं तर लागतील! आज 'प' लागला बरं का, पेरुंगुडीचा 'प'!" पोरासारखा आनंद. आणि मी काय केलं? संध्याकाळपासून पडदा ओढून ठेवला, म्हटलं, "बाबा, उन्हाचा त्रास होईल तुम्हाला." दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तर त्याच खुर्चीत बसलेले... बंद पडद्याकडे तोंड करून! म्हणाले, "बरं झालं हो, ऊन लागत नाही आता." सांगा, गिंडीपर्यंत कसा गेलो असेन मी?

गेलो. पण पडदा उघडला का? नाही! तोच तर मुद्दा आहे.

मग संध्याकाळी सगळे सिनेमा बघायला सोफ्यावर. धोतरावर मी तपकिरी शाल पांघरली, "गार वाटेल हं बाबा" म्हणून. अंतराळातला सिनेमा होता, सगळीकडे मिट्ट काळोख, माझा हक्काचा, कमावलेला काळोख... आणि कोपऱ्यात चंद्र. सुंदर, गोल, चकचकीत. मी म्हटलं, वा, काय चंद्र काढलाय! पण सीन बदलला, यान आलं, यानाच्या आत माणसं बसलीत, तरी चंद्र तिथेच! यानाच्या आत चंद्र? मी उठून टीव्हीच्या जवळ गेलो. बारीक डोळे करून बघतोय तर चंद्राने जांभई दिली.

सासरे! सासऱ्यांचं टक्कल! टीव्हीचा उजेड त्यांच्या डोक्यावर, डोक्यावरचा उजेड परत टीव्हीच्या काचेवर! आता मला सांगा, जगात इतके लोक टीव्हीवर लेख लिहितात, पडदे, भिंती, दिवे, सगळं सांगतात, पण सासऱ्यांच्या डोक्याचं काय करायचं ते एकाने तरी लिहिलंय? नाही! मग माणसाने आपल्या बुद्धीने जे सुचेल ते करावं. मला टोपी सुचली. देवा, काय बुद्धी दिलीस!

शनिवारी टी. नगर. ऐन दुपारी. साड्यांच्या पिशव्यांमधून, रिक्षांमधून वाट काढत, घामाने निथळत दुकानामागून दुकान, आणि विचारतोय काय? लोकरीची टोपी! एक बाई हसली. एकाने मला पाणी दिलं. शेवटी एका दुकानदाराने माळ्यावरून खोकं काढलं, धूळ झटकली, मोठ्या मायेने विचारलं, "ऊटी पोरींगळा, सार?" ऊटीला चाललाय का? मी म्हटलं, "इल्ले. हॉल."

आणि घरी येऊन टोपी घातली. म्हणजे सासऱ्यांना. म्हटलं, "बाबा, एसीचा वारा थेट डोक्यावर येतो हो, बाधेल." त्यांनी टोपी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग घातली. म्हणाले, "छान बसली."

आणि तुम्हाला सांगतो, तिथून माझे हाल सुरू झाले! वाईला मित्राला फोन, मोठ्या आवाजात, "अहो अण्णा, जावई स्वतः बाजारात जाऊन टोपी घेऊन आले! वारा लागू नये म्हणून! पोटच्या पोराला सुचलं नसतं!" मी स्वयंपाकघरात उभा, ऐकतोय, हातातला पाण्याचा पेला तसाच हातात. त्यात रेवा आली, डोळे भरलेले. "यश, आई गेल्यापासून बाबांची इतकी काळजी कुणी घेतली नव्हती रे." आणि वाढताना माझ्या पोळीवर तूप. एकदा वाढलं, पुन्हा वाढलं! घशाखाली उतरेना हो ते तूप! सांगून टाकावं असं दहादा वाटलं. पण रोज संध्याकाळी टीव्ही लागायचा, टोपी चढायची, आणि चंद्र गायब! काय काळा दिसायचा काळा... कसं सांगणार?

रविवारी दुपारी श्रीहरीला बोलावलं, आता बघ म्हणून. बायकोला घेऊन आला, लावण्याला. तिने डबाभर मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, आणलेले. पडदे बंद, दिवे बंद, सगळे अंधारात चाचपडत बसले, मुरुक्कू कडाकड वाजतायत, आणि सासरे मधोमध. शाल, टोपी, मिशा तेवढ्या दिसतायत. सिनेमा सुरू झाला. मिट्ट! एकही डाग नाही! आणि श्रीहरी, माझा मित्र, माझा वेद, माझा वैरी... त्याने सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अंकल! कॅप सूपर आयडिया! यश टोल्ड मी. युवर हेड रिफ्लेक्शन... फुल्ली गॉन!"

मुरुक्कू थांबले.

कोर्टातला माणूस हो तो! इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं! अंधारात रेवाचा आवाज आला, एकच शब्द, "यश." बस. लावण्याने नवऱ्याला कोपर मारल्याचं नुसतं ऐकू आलं. मला वाटलं, आता काढतील टोपी, भिरकावतील, उठून आत जातील, आणि बरं होईल. पण नाही. त्यांनी टोपी हनुवटीखाली नीट ओढून घेतली आणि समोर बघत राहिले. सिनेमा संपेपर्यंत! मी एक फ्रेम बघितली असेल तर शपथ. मी त्यांच्या गालावरून ओघळणारा घाम बघत होतो. अंधारात तेवढंच चमकत होतं.

पाहुणे गेले. रेवा माझ्याकडे न बघता कप उचलून आत गेली. मी सासऱ्यांसमोर जमिनीवर बसलो, म्हटलं, "बाबा, टोपी एसीसाठी नव्हती. मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"आज कळलं ना..."

"छे! पहिल्याच दिवशी. यशराव, जन्म कोर्टात गेला माझा. खोटा साक्षीदार आधी कान खाजवतो. तुम्ही टोपी देताना दोन्ही खाजवलेत."

"मग घातलीत कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

ते टोपी काढून मांडीवर नीट घडी घालत होते. डोकं सगळं घामाने ओलं. म्हणाले, "ही गेल्यापासून माझ्यासाठी म्हणून कुणी बाजार पालथा घातला नव्हता. तुम्ही घातलात, एवढ्या उन्हात. कारण काय का असेना... म्हटलं, कारण विचारायचं कशाला? आणि खरं सांगू? तो चंद्र मलाही दिसत होता. मला वाटलं, तुमच्या टीव्हीतच बिघाड आहे. इतक्या हौसेने घेतलेला, म्हणून बोललो नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

घ्या! ते मला जपतायत, आणि मी त्यांना टोपी घालतोय! उठलो, स्टूल घेतलं, चढलो, आणि तो पडदा दांडीसकट खाली काढला. ऊन असं आत आलं की आम्ही दोघंही डोळे चोळत राहिलो. खाली बस थांबली होती. विचारलं, "बाबा, सिनेमा कसा वाटला?" अगदी संकोचून म्हणाले, "फार अंधार होता हो. मला काही दिसलंच नाही."

आता दुपारी ते खिडकीशी पाट्या वाचतात आणि संध्याकाळी क्रिकेट बघतात. रेवा बोलायला लागलीय, तूप अजून बंद आहे. परवा सासऱ्यांनी स्वतःच रिमोट घेतला, काय काय दाबलं, आणि त्यांना तो मोड सापडला... व्हिव्हिड! शहाणा माणूस ज्याचं नावसुद्धा घेत नाही तो! गवत पोपटी, खेळाडू शेंदरी, अंपायरची टोपी निळीजांभळी आणि आकाश नुसतं पेटलेलं! "यशराव, इतके दिवस हे लपवून ठेवलं होतंत होय? आता कसं चित्र आलं! छान आहे ना?"

मी म्हटलं, "छान आहे बाबा." कान न खाजवता म्हटलं! आणि तुम्हाला सांगतो, आता सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा देता येतो मला... त्या टीव्हीच्या मात्र देता येत नाही हो.