पूजा झालेला पेंटियम

भीती कशाला म्हणतात ना राव, ते मला महाळुंग्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलो तेव्हा कळलं.

तिथल्या सोपानशेठच्या वर्कशॉपमधलं टेस्टिंग मशीन अजून एका जुनाट पेंटियमवर चालतं. त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. शेठनी आधीच बजावलं होतं, "भाऊ, ह्यो गेला तर माझं शटर खाली."

मी जीव मुठीत धरून डबा उघडला. रॅम वाढवली, कुरकुरणाऱ्या हार्डडिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून ती बदलली. झाकण लावून हात धुवायला गेलो. परत येतो तर डब्यावर हळदकुंकू, फूल, समोर उदबत्ती.

"आता करा चालू," शेठ हात जोडून म्हणाले.

मी बटणावर बोट ठेवलं.

"सगळा पुसून घेतला बरं का," शेठ कौतुकानं सांगायला लागले. "मागं तो बारका लाल खटका हाय ना, त्याच्या खाचंत लई धूळ व्हती. सरकवून पुसला."

माझं बोट तिथंच थिजलं. तो खटका व्होल्टेजचा! वाकून बघितलं, तर आपल्याकडच्या २३० व्होल्टवरून ११५ वर गेलेला. बटण दाबलं असतं तर पॉवर सप्लाय फटाक्यासारखा फुटला असता, आणि सोबत आणखी काय काय गेलं असतं देव जाणे.

नखानं खटका परत २३० वर सरकवला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. बीप वाजली. स्क्रीन उजळली.

शेठ म्हणाले, "बघा, पूजेचा गुण!"

तेव्हापासून मीही जुन्या कॉम्प्युटरला वाकून नमस्कार करतो. फक्त मागच्या बाजूनं.