पोछ्याला काचेत जागा

— आणि तो बूट? बूट चालतो तुम्हाला! आमच्या कॅप्टनच्या घामानं भिजून वाळलेला, होडीएवढा, आतून कुबट — त्याला काचेचं घर, वर दिवा, खाली पितळी पाटी. आणि माझा पोछा बघून काय म्हणालात, बाई? "सफाईचं सामान जिन्याखाली ठेवा." अहो, मी सफाईला नाही आलो, तुमच्या संग्रहालयाला वस्तू द्यायला आलोय! छत्तीस वर्षं या टीमचं कोर्ट पुसलंय मी. बास्केटबॉल म्हणजे काय वाटतं तुम्हाला, उंच माणसं उड्या मारतात, झालं? दहा ताडमाड गडी घाम गाळतात, आणि लाकडी फरशीवर ओल राहिली की बर्फ परवडला. म्हणून खेळ थांबला रे थांबला की मी धावायचो — सर्र-सर्र दोन हात, शिट्टीच्या आत परत. लिहून घेताय ना? नुसती मान नका हलवू. आमचा कोचही अशीच हलवायचा — वर-खाली व्हायची, आत काही जायचं नाही.

हसलात! हसा. मला हसायची सवय मीच लावलीय सगळ्यांना. कोचच्या शिट्टीत साबण कोणी भरला? मी. फुंकली की फुगे! मॅनेजरची खुर्ची रोज बोटभर खाली कोणी केली? मीच — पंधरवड्यात गेला बिचारा डॉक्टरकडे, म्हणे मी आखूड होतोय! त्याचीच फळं भोगतोय. आता खरं बोललो तरी लोक आधी आपल्या खुर्चीखाली बघतात. बायको तर मी शिंकलो तरी म्हणते, पुरे झालं नाटक.

पण ही पाटी तर थापांत माझ्याही वरताण आहे! काय लिहिलंय — "याच बुटाने झेप घेऊन कॅप्टनने शेवटच्या क्षणी चेंडू हिसकावला." झेप! अहो, तो उभा होता, दमून, खांबासारखा. सामन्याचे चार सेकंद उरलेले, आपण एका गुणानं पुढे, समोरचा सात नंबरवाला बास्केटखाली घुसला — आणि घसरला. चेंडू आपण होऊन चालत कॅप्टनच्या हातात आला. त्यात बुटाचं काय कर्तृत्व? कशानं घसरला म्हणजे? आता माणसं कशानं घसरतात —

कुठला फोटो? हा भिंतीवरचा? हो, तोच क्षण. हा कॅप्टन, हा खाली पडलेला सात नंबर, आणि मागे खांबापाशी — चष्मा बरा आहे हो तुमचा. मीच. पोट धरून हसतोय. पोछा आडवा पडलाय, दिसतंय मला. काय झालं, की आमच्या बाकावर एक जिराफ होता, म्हणजे आम्ही त्याला जिराफ म्हणायचो. खेळायच्या चड्डीवर घालतात त्या पँटला त्याच्या दोन्ही बाजूंनी टिचबटणं, एका झटक्यात निघणारी. ती मी आदल्या दिवशी सुईदोऱ्यानं शिवून टाकली. खेळ शेवटचा थांबला तेव्हा कोच ओरडला, जिराफ, आत! हा ओढतोय, निघेना, एका पायावर नाचतोय, कोच दुसरा पाय धरून खेचतोय — आणि मला हसू आवरेना, बाई, डोळ्यांतून पाणी! बास्केटखाली ताटाएवढा ओला डाग. दिसला नाही असं नाही. दिसला. म्हटलं, एवढं हसून घेतो. आणि शिट्टी झाली.

गुडघा गेला त्या सात नंबरवाल्याचा. पुन्हा नाही खेळला. स्ट्रेचरवरून नेताना माझ्यापाशी थांबवायला लावलं — पोरगेलासाच होता — म्हणाला, "काका, फरशी कोरडी होती ना?" मी म्हटलं, "खडखडीत." तर म्हणाला, "मग माझाच पाय चुकला." उभ्या जन्मात माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच निघाला, आणि तो —

थांबा. काय लिहिताय? खोडा ते. अहो, गंमत केली! कोणालाही विचारा, मी किती थापा मारतो — खोडा म्हणतो ना! कॅप्टननं झेप घेतली. ही एवढी घेतली. पाटी बरोबर आहे तुमची, राहू दे तशीच. आणि द्या तो पोछा इकडे.

जिना कुठल्या बाजूला म्हणालात?