सासऱ्यांची मोटरसायकल उतरवताना

...अहो, बघणाऱ्याचं काय जातंय! घडीच्या खुर्चीत बसून, हातात बियरचा कॅन धरून "वेंडेल, डावीकडे घे!" म्हणायला काय जातंय? तुम्हाला सांगतो, या वाळवंटात टीव्ही लागत नाही, म्हणून लोक दुसऱ्याचा ट्रेलर उघडायची वाट बघत असतात. मागचं दार उतारासारखं खाली टेकवायचा अवकाश, की सुट्टीला तळ ठोकलेल्या दहा बिऱ्हाडांतून दहा खुर्च्या बाहेर! पुढे घर, मागे मोटरसायकली, असला ट्रेलर घ्यायची अक्कल माझीच. पलंग आहे, चूल आहे, संडास आहे... पण मोटरसायकली उतरवल्याशिवाय संडासाचं दार उघडत नाही! चार तास ट्रक हाकून आलेल्या माणसानं करायचं काय?

माझी मोटरसायकल उतरते हो कशीही. पण दुसरी लॉरीनच्या वडिलांची. अवजड, म्हशीएवढी! सासरे गेल्यावर बायकोनं तेवढी एकच वस्तू मागून घेतली. स्वतः पुसते, आणि पुसताना अजून डोळे भरतात तिचे. मी तेव्हा गुपचूप अंगणात जातो. निघतानाच तिनं बजावलं, "बाबांच्या गाडीला एक ओरखडा, आणि ट्रेलर विकायचा!" मोटरबोट विकून घेतलेला ट्रेलर माझा!

आता रीत काय? ट्रकनं ट्रेलरचं पुढचं टोक धरलेलं असतानाच मोटरसायकली उतरवायच्या, मग ट्रेलर ट्रकपासून सोडवायचा. शेंबडं पोरही सांगेल. पण आमचा मेव्हणा! कर्बी! "दाजी, ट्रक द्या ना, बर्फ संपलाय, बियर तापतेय!" बियर तापतेय म्हटल्यावर दहाही खुर्च्या ओरडल्या, "अरे, दे की ट्रक!" दिला सोडवून. आणि ट्रेलरच्या मागे टेकू लावायचे राहिले, ते राहिलेच...

माझी उतरली. टाळ्या! मग सासऱ्यांची. पट्टे सोडले, ब्रेक धरून इंच इंच मागे सरकतोय, डोक्यात एकच, एक ओरखडा आणि ट्रेलर विकायचा, एक ओरखडा आणि ट्रेलर विकायचा! शेजारचे मर्ल, वय वर्षं ऐंशी, "हळू घे, हळू!" अहो, याहून हळू म्हणजे थांबणंच की! मोटरसायकल दाराच्या कडेला आली, आणि पुढे चुलीवर नुकतंच बीन्सचं पातेलं ठेवलेल्या लॉरीनला राहवेना. "वेंडेल, लागली का रे कुठे?" म्हणत ती धावत मागे आली...

आणि ट्रेलरचं नाक उचललं ना! बूड टेकलं वाळूत, घर निघालं आकाशात! लॉरीन घसरत माझ्याकडे, तिच्यामागून पातेलं! एक ओरखडा आणि... मी सरळ मोटरसायकलीखाली आडवा झालो, गादीसारखा. माझ्यावर मोटरसायकल, तिच्यावर लॉरीन, आणि सगळ्यांवर बीन्स.

मर्ल म्हणाले, "वजन मागे आलं की असं होतं, वेंडेल. मोटरसायकलीपर्यंत ठीक होतं, पण मग..."

लॉरीननं मान वळवली. "पण मग काय, मर्ल?"

तुम्हाला सांगतो, दहा खुर्च्यांनी श्वास रोखला. एकोणतीस वर्षांचा संसार आहे हो माझा! मी खालूनच ओरडलो, "पण मग मी शिंकलो! चूक माझी!"

"हो हो, शिंकच ती!" खुर्च्या एका सुरात म्हणाल्या.

चौघांनी मोटरसायकल उचलली. कर्बी बर्फ घेऊन आला, तो थेट माझ्या गुडघ्यावर. लॉरीननं टाकी पुसली, चाकं बघितली, वाकून वाकून बघितली. "वेंडेल! एक ओरखडा नाही रे!"

"मला सात आहेत."

"अरे, पण बाबांच्या गाडीला नाही ना!" आणि सगळ्यांदेखत माझ्या बीन्सनं माखलेल्या गालाचा मुका घेतला! खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. म्हणाली, "ट्रेलर विकायचा नाही. कधीच नाही!"

जिंकलो की मी! लंगडत वळून बघतो, तर दहाही खुर्च्या जागच्या जागी. म्हटलं, "संपलं सगळं, उचला की आता!"

मर्ल म्हणाले, "असू देत. रविवारी दहाला परत चढवायची आहे ना? जागा धरून ठेवल्यात."