परांजपे आजींची नवीन नर्स

माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही ना? पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. अंधेरीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. घर देवगडला, त्यामुळे भेटायला येणारं कोणी नव्हतं. मी ड्युटी करायचे त्याच वॉर्डात मला खाट मिळाली.

माझ्याच मैत्रिणी ड्युटीवर असायच्या. यायच्या, तोंडात थर्मामीटर घालायच्या, पायथ्याचा तक्ता भरायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या. एकदा शालिनीला हाक मारली, तर म्हणाली, "थांब गं, अजून बावीस पेशंट आहेत." तिचं काही चुकलं नव्हतं. मीही तेच करायचे. पण आठ दिवस माझ्याशी धड कोणी बोललं नाही.

नवव्या दिवशी शेजारच्या खाटेवर वेसाव्याची एक कोळीण आली. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझा कोण नाय काय गो हितं?" मी उशीत तोंड खुपसून रडले.

पुढे बरी होऊन ड्युटीवर आले. पहिल्याच खाटेवर परांजपे आजी होत्या. मांडीचं हाड मोडलेलं. माझ्या ऑपरेशनच्या आधी महिनाभर रोज मीच त्यांना औषध देत होते. त्या दिवशी मी तक्ता उचललाच नाही. जवळ उभी राहून विचारलं, "आजी, झोप लागली का?"

आजींनी चष्मा लावला आणि मला नीट न्याहाळलं.

"नवीन आलीस वाटतं?"

मी म्हटलं, "हो आजी. आजच."