हेल्मेटवरच्या दोन थापा

…नाही, डावा हात. की उजवा? थांबा हं, मिस प्रुइट — एकतीस वर्षं झाली, आणि मी तो अमेरिकन फुटबॉलचा सामना मैदानात नाही, पडद्यावर पाहिला — शिवाय माझ्या आठवणीचं काय सांगू, काल चष्मा फ्रीजमध्ये सापडला. पण हात होता, एवढं नक्की. तुमच्या वडिलांचा. समोरच्या संघातल्या हॅवरसनचा चेंडू फेकून झाला होता, म्हणजे आता त्याला धडकायचं नाही, आणि मग तुमच्या वडिलांची ती धडक, हेल्मेट थेट त्याच्या हनुवटीखाली — तो आडवा, सगळं स्टेडियम चिडीचूप — तुमचे वडील उठले, दोन पावलं चालले आणि स्वतःच्याच हेल्मेटवर दोन थापा मारल्या. बस. त्या दोन थापांवर मी अकरा पानं लिहिली.

मीच का, म्हणाल? लीगला असा निवाडा करणारा हवा होता ज्याला कुठल्याच संघाचं प्रेम नाही. मला खेळच कळत नव्हता — याहून निःपक्षपाती माणूस कुठे मिळणार! शिवाय ‘हेतू’ या विषयावर माझं चारशे पानांचं पुस्तक होतं. दोघांनी वाचलं होतं. त्यातला एक मी. हे क्रिंगल घ्या ना, गोड पेस्ट्री, अक्रोडाची आहे. नको? बरं. तुमच्या जागी मीही घेतली नसती.

चाळीस वेळा पाहिली ती फीत, संथ गतीत. इतक्या संथ गतीत माणसाची शिंकसुद्धा ठरवून दिल्यासारखी दिसते — हे आज सुचतंय, तेव्हा नाही. तेव्हा मी चौकशीत विचारलं, “मिस्टर प्रुइट, हेल्मेटवर थापा का मारल्या?” तर म्हणाले, “सैल झालं होतं, प्रोफेसर. नीट केलं.” खोटं! त्यांचा वकील काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तर तुमच्या वडिलांनी त्याचं मनगट दाबलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. माणूस खोटं बोलतो म्हणजे काहीतरी लपवतो — अगदी बरोबर. काय लपवतो, तेवढं मी माझ्या पदरचं घातलं. ‘बघा, कसं डोक्यावर हाणलं’ अशी ती फुशारकी आहे, म्हटलं. ‘जिभेने नाकारलेला हेतू हाताने कबूल केला’ — वाक्य बरं आहे की नाही? वर्तमानपत्रांनी चौकटीत छापलं.

सहा सामन्यांची बंदी. पुढे कुठल्याच संघाने घेतलं नाही, कसाई म्हणायचे त्यांना — हो, तुम्हाला शाळेत काय म्हणायचे ते मी कशाला विचारू. हॅवरसन तिसऱ्या आठवड्यात खेळायला उभा. आता बोटी विकतो, गालावर लाली.

मला कसं कळावं, की थापा मारणं ही खूण असते? मला बाहेर घ्या, बदली पाठवा — काय गं, मार्लिस? — हो, हो, चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. ऐकलंत? स्वयंपाकघरातून बायकोची दुरुस्ती आली. तिनेच सांगितलं ना मला, त्या सकाळी न्याहारीला — म्हणजे निकाल पाठवल्यावर — नंतरच असेल. आधी? निकालाचं पाकीट अजून टेबलावर होतं. जॅम लागेल म्हणून मी ते उचललं, हे आठवतंय. म्हणजे… आधीच. पण वाक्य फार छान जमलं होतं हो.

आणि तुमच्या वडिलांनी तरी खरं का सांगितलं नाही? कारण डोक्याला तिसऱ्यांदा मार बसलाय म्हटल्यावर डॉक्टरांनी कायमचं घरी बसवलं असतं. मी फक्त सहा सामने बसवणार होतो. त्यांनी स्वस्तातला न्यायाधीश निवडला!

आता तुम्ही हा कागद आणलाय. ‘इजा करण्याचा हेतू नव्हता’, खाली माझी सही — मग त्यांचं नाव स्टेडियमच्या भिंतीवर लागेल, त्यांच्या डोक्याला ते वाचून समजतंय तोवर. नाही करणार. रागावलात? रागवा. दुसऱ्याच्या मनात काय होतं ते एकदा सही करून सांगितलंय मी, पुन्हा नाही. कोण जाणे, असेलही हेतू! हॅवरसनला फुलं द्यायला तर धावत गेले नव्हते.

उठू नका — पेन द्या इकडे. हा छापील मजकूर खोडतो. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहीन. मला दिलेली फीत त्या थापांपाशी संपत होती, आणि पुढची मी मागितलीच नाही. मागितली ती अकरा वर्षांनी. हो, अकरा. त्यानंतर वीस वर्षं गप्प बसलो, तेही लिहितो, घाई करू नका. मार्लिस, दार उघड, बाई निघाल्या. हा घ्या कागद. थापा मारल्यावर वेंडेल प्रुइट सरळ चालत गेले आणि आपल्या नव्हे, हॅवरसनच्या संघाच्या बाकावर जाऊन बसले. तिथल्या कुणीतरी पाणी दिलं, आणि ते प्यायले.