पान उलटायला ईश्वरी

आकुर्डीच्या वाचनालयात दुपारी आईवडिलांनी मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या असतात. दार अजून उघडलं नव्हतं. रांगेत माझ्यापुढे नातीला घेऊन एक आजी आणि त्यांच्यापुढे चार-पाच वर्षांची मुलगी आणि तिचे वडील.

"बाप आल्याला पयल्यांदाच बघती मी. हितं समद्या आयाच येत्यात. कंपनीत न्हाई व्हय जात?"

"जात होतो की मावशी. चाकणला, प्रेस मशीनवर."

"आन् आज सुट्टी?"

"सुट्टीच म्हणा. हा हात बघा."

"आगं बया! चारी बोटं?"

"सेन्सर बंद होता."

"मालकानं बंद केला?"

"आमीच करायचो. चालू असला की हात जरा पुढं गेला तरी मशीन थांबती, मग टार्गेट होत नाही. समदेच बंद ठेवतेत."

"मग घर?"

"हिची माय लागलीय पॅकिंगला. मी हिला सांभाळतो."

"आन् पुस्तकाचं पान कसं उलटता वो?"

"मी उलटते, आजी! पप्पा वाचतात, मी उलटते."

"गुणाची गं माझी बाय. नाव काय तुझं?"

"ईश्वरी. आधी पप्पा घरी आले की नुसते झोपायचे. आता रोज गोष्ट वाचतात."

"वाचू दे. हात बरा झाला की जात्याल परत कामाला."

"जाणार, पप्पा?"

"नाही गं. बोटं परत येत नसतेत."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

"मग आज दोन गोष्टी वाचायच्या!"